पिसाने पाजलेले दूध

यंदा आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या इमारतीच्या पंपाच्या खोलीत मांजराचे एक पिल्लू सापडले. डोळे चिपडांनी चिकटलेले, पोट फुगलेले, अंगात ताप. जंताचे औषध झाले, डोळ्यांत थेंब झाले, पण ताप येत-जात राहिला. शेवटी रक्ताची तपासणी केली. तपासणीच्या पट्टीवर ‘एफआयव्ही’ची रेघ उमटली. मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा हा विषाणू. डॉक्टर म्हणाले, “ही रेघ पिल्लाची की त्याच्या आईची, ते आज सांगता येणार नाही. सहा महिन्यांचे झाले की पुन्हा बघू.”

घरात अकरा वर्षांची दुसरी मांजर आहे. त्यामुळे शेजारच्या काकूंचा सल्ला साधा होता : “मासळीबाजाराजवळ सोडून या. मारायला थोडेच सांगतेय?” मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. मारणे पाप, सोडून देणे मात्र त्या हिशेबात बसत नाही.

काय आजार आहे हे कळत नसताना एखाद्या जिवाला घरात ठेवून घ्यायचे, ही रीत किती जुनी? आणि ज्या पट्टीने आमची झोप उडवली, ती आली कुठून? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत गेलो, तेव्हा दयेचा आणि ज्ञानाचा असे दोन वेगवेगळे इतिहास हाती लागले. फार काळ ते एकमेकांना भेटलेच नव्हते.

*

राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी 1583 ते 1591 या काळात पूर्वेकडच्या प्रवासात होता. गुजरातेतल्या खंबायतेबद्दल त्याने नोंदवले आहे की तिथले लोक जीवहत्या करीत नाहीत, आणि लंगड्या-पांगळ्या कुत्र्या-मांजरांसाठी व पाखरांसाठी गावात इस्पितळे आहेत. युरोपीय वाचकाला ही नोंद चमत्कारिकच वाटली असणार. पण आपल्याला तिचे मोल वेगळे : सोळाव्या शतकातल्या या यादीत मांजराला जागा आहे.

चाळीसेक वर्षांनी, 1623 मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी खंबायतेस आला. पाखरांच्या इस्पितळात त्याने जे पाहिले ते विसरता येत नाही. आईवेगळी झालेली उंदरांची इवली पिल्ले तिथे आणून ठेवली होती. पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला एक म्हातारा ती पिल्ले डबीत कापसात ठेवून पाखराच्या पिसाने त्यांना दूध पाजत होता. एवढ्या लहान तोंडात दुसरे काही जाणे शक्य नव्हते. मोठी झाली की त्यांना हवे तिथे सोडून देणार, असे त्याने पाहुण्याला सांगितले.

ऊब, थोडे थोडे दूध आणि वाट पाहणे. म्हाताऱ्याजवळ एवढेच होते. पिल्लू का मलूल आहे, रात्री का मेले, हे विचारायला त्याच्याकडे साधन नव्हते.

*

हाच वारसा पुढे मुंबईत आला. बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध 1832च्या जूनमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. हिंदू आणि जैन व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली. त्या दंग्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि इतर धनिकांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभा राहिला. म्हातारी, निकामी, टाकून दिलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळायची, हे त्याचे ब्रीद. पांजरापोळांवर पुढे इंग्रजांनी टीका पुष्कळ केली. इथे जनावर जगवतात, पण त्याचे दुखणे बरे करीत नाहीत, हा तिचा मुख्य सूर. टीकेत राज्यकर्त्यांचा तोरा होता, तसे तथ्यही होते. मरू न देणे आणि बरे करणे यांत अंतर असते.

ते अंतर कमी करण्याचे प्रयत्न मुंबईतच सुरू झाले. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था 1874 मध्ये स्थापन झाली. पाठोपाठ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात 1889 मध्ये जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. चार वर्षांत ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली आणि तिथे बुळकांडीवरचे काम वाढले.

पण या ज्ञानाचा रोख पाहा. आपल्या जुन्या परंपरेत शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यक आहे, पालकाप्याच्या नावावर हस्त्यायुर्वेद आहे. राजाला घोडा आणि हत्ती हवे होते. इंग्रज सरकारला फौजेचे घोडे आणि शेतीचे बैल हवे होते. मांजर ना गाडी ओढते, ना दूध देते. दयेच्या यादीत ते सोळाव्या शतकातच आले. विद्येच्या यादीत यायला त्याला विसावे शतक उजाडावे लागले.

*

पिल्लांचा फडशा पाडणारा मांजरांचा सांसर्गिक आंत्ररोग विषाणूमुळे होतो, हे 1928 मध्ये फ्रान्समध्ये दाखवले गेले. त्यानंतरचे मोठे शोध मात्र निराळ्याच वाटेने लागले. अमेरिकेत बॉस्टनच्या जनावरांच्या इस्पितळात जीन होल्झवर्थ यांनी 1963 मध्ये एका अनाकलनीय रोगाचे वर्णन केले : पोटात पाणी होते, ताप उतरत नाही, आणि मांजर दगावते. आज हा रोग ‘एफआयपी’ म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांना मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगामागे विषाणू असल्याचा पुरावा मिळाला. त्याला निमित्त झाला एक साधा पशुवैद्य. एकाच घरातली इतकी मांजरे एकाच रोगाने कशी जातात, हा प्रश्न त्याला पडला होता.

आमच्या पट्टीवरच्या रेघेची जन्मकथाही अशीच आहे, आणि ती वाचताना मी थबकलो. कॅलिफोर्नियातल्या पेटलुमा गावी एक बाई बरीच मांजरे सांभाळत असत. 1982च्या सुमारास त्यांच्याकडे एक बेवारस पिल्लू आले. ते कायम आजारी. नेमके काय झाले आहे ते कोणालाच कळेना. ते गेले. मग ज्या कोंडवाड्यात ते ठेवले होते, तिथलीच मांजरे एकामागून एक खंगू लागली. तोवर माहीत असलेल्या रक्तकर्करोगाच्या विषाणूची तपासणी केली, तर सगळ्यांची निर्दोष. माणसांतल्या एड्सच्या बातम्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. बाईंनी पिच्छा पुरवला. अखेर डेव्हिस येथील विद्यापीठात नील्स पीडरसन, जेनेट यामामोटो आणि सहकाऱ्यांनी नवा विषाणू वेगळा काढला. त्यांचा निबंध 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या 25 आजारी मांजरांपैकी 10 जणांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा होत्या. 18 धडधाकट मांजरांपैकी एकाच्याच.

म्हणजे ज्या पट्टीने आमच्या पिल्लावर संशय घेतला, तिचे मूळ अशाच एका उचलून आणलेल्या, निदान न झालेल्या पिल्लात आहे. कोणी ते ठेवून घेतले नसते, त्याच्यानंतर कोण कधी आजारी पडले हे डोळ्यांत तेल घालून पाहिले नसते, तर प्रयोगशाळेला विचारण्याजोगा प्रश्नच मिळाला नसता.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा विषाणूच रोग करतो हे पडताळण्यासाठी निरोगी पिल्लांना आजारी मांजरांचे रक्त मुद्दाम टोचण्यात आले. त्यांच्या गाठी सुजल्या, ताप आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. ज्ञानाची किंमत त्या पिल्लांनी मोजली. दया आणि विद्या इथे भेटल्या खऱ्या, पण त्या भेटीतही एकीने दुसरीला दाराबाहेर उभे ठेवले होते.

त्याच वर्षी, त्याच विद्यापीठातून पॉल पायन आणि सहकाऱ्यांचे आणखी एक संशोधन प्रसिद्ध झाले. मांजरांचे हृदय फुगून निकामी होण्याचा एक विकार आहारात टॉरीन कमी पडल्याने होतो, आणि ते पुरवले तर हृदय सावरते. टॉरीन मांस-मासळीत असते. दूध-पोळीवर मांजर पोसणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. प्रेमाने वाढलेली वाटीही अपुरी असू शकते.

*

नव्या ज्ञानाने पहिल्यांदा काय केले? भीती निर्माण केली. ‘मांजरांचा एड्स’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. वास्तविक हा विषाणू माणसाला होत नाही. मांजरातही तो मुख्यतः भांडणातल्या खोल चाव्यातून जातो. गुण्यागोविंदाने राहणाऱ्या मांजरांत एकाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. लागण झालेली कितीतरी मांजरे वर्षानुवर्षे नीट जगतात. तरी परदेशातल्या अनेक आश्रयगृहांत पट्टीवर रेघ उमटली की मांजराला कायमचे झोपवले जाई. त्यांत पिल्लेही असत.

आणि पिल्लांच्या बाबतीत तर रेघच फसवी. ही पट्टी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. आईला लागण असेल तर तिची प्रतिपिंडे दुधातून पिल्लात उतरतात आणि काही महिने टिकतात. पिल्लू निरोगी असूनही पट्टी ‘हो’ म्हणते. म्हणून सहा महिने थांबायचे. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यामागे घाईने संपवलेल्या कितीतरी जिवांचा धडा आहे.

थांबण्याला कधी फळही येते. होल्झवर्थ यांनी वर्णन केलेला एफआयपी अर्धशतकाहून अधिक काळ जवळजवळ मृत्युदंडच होता. त्याच पीडरसन यांनी 2019 मध्ये 31 आजारी मांजरांवरच्या नव्या औषधाचे निष्कर्ष मांडले. त्यांतल्या 26 जणांनी बारा आठवड्यांचा उपचार पुरा केला. हे औषध म्हणजे करोनाकाळात आपल्या कानांवर रोज पडलेल्या रेमडेसिव्हिरचे सख्खे भावंड.

आमच्या पिल्लाचा ताप श्रावणात उतरला. वजन सव्वा किलोवर गेले आहे. थोरली मांजर त्याच्यावर फिसकारते, पण पंजा उगारत नाही. रात्री दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवतो. शेजारच्या काकू परवा बोंबलाची डोकी उकडून घेऊन आल्या. “सोडलेत नाही ना अजून?” असे म्हणत त्यांनी स्वतःच बशी पुढे केली.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा दुसऱ्या तपासणीचे दिवस आलेले असतील. रेघ पुसली गेली तर आनंदच. राहिली, तर त्याला घराबाहेर भटकू द्यायचे नाही, भांडणे होऊ द्यायची नाहीत, दाताहिरड्यांकडे लक्ष ठेवायचे, एवढेच बदलेल. तोवरचे काम खंबायतेच्या त्या म्हाताऱ्याचेच आहे. पिसाच्या जागी आमच्याकडे प्लास्टिकची पिचकारी आली, इतकाच काय तो फरक.