लाल लगाम

काही वर्षांपूर्वी झाशीवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी एक विशेषण पदरचे घातले. मूळ वाक्यात राणी घोड्याचा लगाम आवरते, एवढेच होते. मी ‘लाल लगाम’ लिहिले. वाक्याला ठेका आला. संपादकांनी हरकत घेतली नाही, कोणा वाचकाचे पत्रही आले नाही. लहानपणापासून पाहिलेल्या चित्रांमुळे आम्हा सगळ्यांच्याच मनात तो लगाम आधीपासून लाल असावा.

चूक ध्यानात आणून दिली ती ‘बूढ़ी घोड़ी, लाल लगाम’ या हिंदी म्हणीने. वय झालेली बाई नटली की तिला हिणवायला ही म्हण वापरतात; मराठी घरांतही ती जशीच्या तशी ऐकू येते. ती टोचते, कारण तिच्यामागे एक नियम गृहीत धरलेला आहे. लाल रंग तरुण घोडीचा, आणि घोडीच्या आडून तरुण सवाष्णीचा. लगामाचा रंग ही नुसती हौस नसते. कोणाला काय शोभते, याचा निवाडा त्यात आधीच झालेला असतो.

मग लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा निवाडा काय होता? गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 ला वारले. पुढच्याच वर्षी जॉन लँग हा वकील राणीला भेटला. तिच्या अंगावर साधे पांढरे मलमलीचे वस्त्र होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्यात झाशीत होते. ‘माझा प्रवास’मध्ये ते राणीचे दोन वेष सांगतात. एक पुरुषी, पायजम्याचा आणि कमरेला तलवार लावलेला. दुसरा बायकी, आणि तो पांढरा. नथ नाही. म्हणजे एक परदेशी वकील आणि एक कोकणस्थ भिक्षुक, दोघांच्याही डोळ्यांना पांढराच रंग दिसला. त्या हातात मी लाल लगाम दिला होता. विधवेच्या हाती लाल रंग म्हणजे बेफिकिरी तरी किंवा बंड तरी. माझ्या वाक्याला यातले काहीच म्हणायचे नव्हते. त्याला फक्त ठेका हवा होता.

गोडसे आणखी एक गोष्ट सांगतात. त्या काळी उत्तरेत घोड्याची परीक्षा असणारी तीनच माणसे नावाजलेली होती, आणि त्यांत राणी एक होती. एकदा विकायला आलेले दोन देखणे घोडे तिने स्वतः फिरवून पाहिले. एकाची किंमत भरपूर केली. दुसरा दिसायला तसाच असूनही तो छातीत दुखावलेला आहे, म्हणून त्याला जवळजवळ कवडीमोल ठरवले. रंगरूपाला न भुलणारी ही नजर. अशी बाई साज निवडताना आधी हाताला दोर कसा लागतो ते पाहील, रंगाकडे मागाहून.

गंमत अशी की लाल रंग तिच्या राज्यातच पिकत होता. झाशीपासून सुमारे 65 किलोमीटरवरचे मऊरानीपूर खारुवा नावाच्या जाड लाल कापडासाठी प्रसिद्ध होते. हा लाल रंग ‘आल’च्या मुळांतून यायचा. आल म्हणजे आपल्याकडची बारतोंडी. बुंदेलखंडाच्या काळ्या मातीत तिची लागवड होई आणि मुळे खणायला तीन-तीन वर्षे थांबावे लागे. 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन प्रयोगशाळेत तयार केले. पुढच्या काही दशकांत स्वस्त विलायती रंगाने आलची शेती संपवली. आज आपण ‘लाल’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा डब्यातला भडक लाल येतो. आलचा लाल त्याहून मंद, विटकरीकडे झुकणारा. विशेषण तेच राहिले, रंग बदलला.

लगामाच्या दोराचे आयुष्य घाम आणि उन्हात लवकर संपते. हाताने वळलेल्या साजात नक्षी कशी ठरते हे पाहायचे तर राजस्थान-गुजरातेत उंटाच्या पोटाखालून बांधतात त्या पट्ट्यांकडे जावे लागते. त्यांना तिकडेही ‘तंग’च म्हणतात, मराठीत घोड्याच्या खोगिराचा पट्टा तोच. हे पट्टे बहुधा बकरीच्या केसांचे. काळ्या केसावर रंग चढत नाही, म्हणून काळा आणि पांढरा हीच जोडी. चार पदरी दोर आधी वळून घ्यायचे, दोन पदर काळे आणि दोन पांढरे. मग एका दोराचे पदर फाकवून त्यांतून दुसरा ओवायचा. फाकवताना कोणते दोन पदर वर राहतात, त्यावर त्या जागी काळे दिसेल की पांढरे ते ठरते. म्हणजे नक्षीची निवड दर गाठीला नव्याने करावी लागते, पण तिची हद्द दोर वळला तेव्हाच आखली गेलेली असते. अनुवाद करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

बकरीच्या केसाला कोणताही रंग चढावा, ही सोय मोहेअरने केली. अंगोरा बकरीचा हा पांढरा, चमकदार केस अंकाराकडचा. 1849 मध्ये या बकऱ्या अमेरिकेत गेल्या. तिथे आज मोहेअरचे हातवळणाचे लगाम हव्या त्या रंगात मिळतात. ‘मोहेअर’ हा शब्द अरबी ‘मुखय्यर’वरून आला. मुखय्यर म्हणजे निवडलेले. त्याच धातूवरून ‘मुख्तार’, म्हणजे ज्याला निवडीचा अधिकार आहे तो. मराठीत तो मुखत्यार झाला, आणि त्याच कुळातला ‘अखत्यार’ही आपण रोज वापरतो.

झाशीचे भांडण या शब्दाचेच होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी गंगाधररावांनी मुलगा दत्तक घेतला आणि राज्याचा कारभार राणीकडे राहावा अशी विनंती कंपनी सरकारला केली. डलहौसीने 1854 मध्ये दत्तक नामंजूर केला. वारस निवडण्याचा अखत्यार नाही, म्हणून राज्य नाही. हिंदी वर्तमानपत्रे सत्तेला ‘बागडोर’ म्हणतात, म्हणजे घोड्याचा दोर. मराठीत आपण ‘सूत्रे’ म्हणतो, ती कळसूत्री बाहुलीची. या एका प्रसंगापुरता मला हिंदी शब्द जास्त नेमका वाटतो.

पदरचे घालणारी मी पहिली नव्हे. गोडसेभटजींचे पुस्तक 1907 मध्ये छापताना चिं. वि. वैद्यांनीही मजकुरात फेरफार केले. हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांना मिळाला तो 1966 मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. पण राणीला रंग नेमून देणारे लोक तिच्या हयातीत पुष्कळ होते. त्यांत दीडशे वर्षांनी आणखी एकाची भर कशाला?

तो लेख पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा मी ‘लाल’ काढून टाकला. वाक्याचा ठेका गेला. आता तिच्या हातात नुसता लगाम आहे आणि त्याच्या रंगाची मुखत्यारी तिच्याकडे.