अरुंद टाइपाची मजुरी

अरुंद टाइप हा काटकसरीचा शोध आहे, असे आम्ही म्हटले तर मुद्रकबंधूंनी रागावू नये. लंडनमध्ये 1845 साली रॉबर्ट बेस्ले यांनी 'क्लॅरेंडन' हा ठळक, टोकांना जाड पाय असलेला, थोडा आवळलेला टाइप बाजारात आणला. तेवढ्याच ओळीत जाहिरातदाराचे शब्द जास्त बसू लागले. परंतु विलायत-अमेरिकेत जुळाऱ्याची मजुरी भरलेल्या जागेवर मोजीत. अक्षर अरुंद झाले की त्याच जागेत खिळे जास्त, दाम मात्र तेवढाच! म्हणून तिकडे जुळाऱ्यांच्या संघटनांनी अक्षरमालेची किमान रुंदी ठरवून घेतली. त्याहून अरुंद टाइपाला जादा दर. टाइप काढणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, हे भांडण क्वचितच.

आपली देवनागरी अशी सहजी आवळता येत नाही. 'क्ष', 'ण' यांचे पोट दाबले की शाई भरून अक्षर बुजते. शिवाय वर मात्रा-रफार, खाली उकार. राणोजी रावजी आरूंच्या सुबक ठशांनी मुंबईचा निर्णयसागर नावाजला, पण जोडाक्षरांपायी खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी. पुण्यात केसरीकार टिळकांनी ते 190 च्या आसपास आणण्याचा खटाटोप आरंभला.

आम्हीही एकदा चुकलो. चौदा मागण्या एका पानात बसाव्यात म्हणून हँडबिलाला अरुंद टाइप घेतला. फाटकावर निवृत्तीला आलेल्या एका कामगाराने कागद दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "दादा, तुम्हीच वाचून दाखवा." पुढच्या खेपेस टाइप मोठा घेतला. मागण्या चौदाच ठेवल्या, कागदाच्या दोन्ही अंगांना.