इनामगावची कच्ची माती
शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे कुंभाराची भट्टी सापडली. चाकावर घडवलेली, काळ्या रंगाने चितारलेली, खणखणीत भाजलेली, जोर्वे पद्धतीची लाल भांडी सापडली. घराच्या जमिनीखाली पुरलेली शिरविरहित देवी मात्र हाताने केलेली, कच्च्या मातीची. भट्टी हाताशी असताना भाजलेल्या मातीकडून कच्च्या मातीकडे वळणे ही माझ्या मते जाणीवपूर्वक केलेली निवड होती.

मूर्ती कुंभाराने नव्हे, घरातल्याच कुणी केली असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण ती गावच्या भट्टीत भाजून घेणे अवघड नव्हते. शिवाय देवीच्या पोटाला आणि सोबत सापडलेल्या मातीच्या बैलाच्या पाठीवर जुळती भोके आहेत. काडी घालून तिला बैलावर बसवता येते. इतका बारीक विचार करणारा हात भाजायचे विसरला, हे पटत नाही. नवे माध्यम जुन्याला हटवतेच, हा आपला समजही इथे टिकत नाही: तांबे वापरात असूनही या गावाने दगडी पाती सोडली नाहीत.