पीएलसी नक्की कुणासाठी बनला? बेंगळुरू, किर्लोस्कर आणि कारखान्यातली शिडी



बेंगळुरू म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे शहाजीराजांची जहागीर आणि दुसरी म्हणजे आयटी कंपन्या. या दोन्हींच्या मधे आणखी एक बेंगळुरू आहे, कारखान्यांचं. तुमकूर रस्त्याने पीनियाकडे निघालात की ते दिसायला लागतं. लेथ, प्रेस, पॅकिंगची मशीन, इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारी छोटी छोटी वर्कशॉप. बेळगाव, सोलापूर, लातूरकडची आपली कितीतरी मुलं इथे नोकरीला येतात. त्यांच्यातल्या अनेकांचा एक प्रश्न असतो. "सर, पीएलसी शिकायचाय. सुरुवात कुठून करू?"

आज या प्रश्नाचं उत्तर आपण इतिहासात शोधणार आहोत. कारण पीएलसी कुणासाठी बनवला गेला हे कळलं, की तो कसा शिकायचा हे निम्मं कळतं.

पीएलसी म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर. कारखान्यातली मोटर कधी सुरू करायची, व्हॉल्व्ह कधी उघडायचा, पट्टा कधी थांबवायचा, हे ठरवणारा एक मजबूत, छोटा संगणक. पण त्याच्याकडे जाण्याआधी आपण शेतात जाऊ.

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर तुम्ही पाहिलाच असेल. हिरवं बटन दाबलं की "खट्" असा आवाज होतो आणि मोटर चालू होते. बोट काढलं तरी ती चालूच राहते. का? आतल्या कॉईलने एक कॉन्टॅक्ट ओढून धरलेला असतो, आणि तोच कॉन्टॅक्ट त्या कॉईलला वीज देत राहतो. याला होल्डिंग म्हणतात. लाइट गेली की कॉईल सुटते. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. म्हणून तर रात्री लाइट आल्यावर शेतकऱ्याला बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं, आणि म्हणूनच अनेकांनी तिथे ऑटो स्विच बसवले. त्या स्टार्टरच्या पेटीत पीएलसीचा पहिला धडा आहे. हे लक्षात ठेवा, आपण इथे परत येणार आहोत.

आता ही मोटर बनवणाऱ्यांकडे येऊ. बेंगळुरूच्या उद्योगांच्या पायात महाराष्ट्रातल्या माणसांचा मोठा वाटा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. सांगलीजवळ किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर सुरू केली. आणि १९४६ मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी राहिली, विजेच्या मोटरी बनवण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने जालहळ्ळीला एचएमटी आली. १९६२ मध्ये यंत्रांवर संशोधन करणारी सीएमटीआय ही संस्था आली. सत्तरच्या दशकात पीनिया वसाहत वाढू लागली.

या सगळ्या काळात मशीनचा "मेंदू" कुठे होता? कामगाराच्या हातात, आणि जरा मोठ्या मशीनमध्ये रिलेच्या पॅनेलमध्ये. कपाटाएवढी पेटी, आत ओळीने रिले, आणि हजारो वायरी. "हा स्विच लागला आणि तो लागला नाही, तर मोटर चालव" असा प्रत्येक नियम वायरने बांधलेला. नियम बदलायचा तर वायरी सोडायच्या आणि नव्याने जोडायच्या. ती पॅनेल बांधणारा आणि बिघाड शोधणारा माणूस कोण होता? वायरमन, इलेक्ट्रिशियन. एका हातात टेस्ट लॅम्प, दुसऱ्या हातात आकृतीचा कागद.

त्या आकृतीचं रूप शिडीसारखं असतं. दोन उभ्या रेघा म्हणजे विजेच्या दोन बाजू. मधल्या आडव्या पायऱ्यांवर डावीकडे बटनं आणि कॉन्टॅक्ट, उजव्या टोकाला कॉईल. म्हणून तिचं नाव लॅडर डायग्राम.

हीच पॅनेल अमेरिकेत डोकेदुखी झाली होती. मिशिगन राज्यात जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स बनवणारा विभाग होता. गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेल बदलायची. वायरिंग पुन्हा करण्यात वेळ जायचा, कधी कधी अख्खं पॅनेलच भंगारात. १९६८ मध्ये या विभागाने एक मागणीपत्र काढलं. रिलेच्या जागी असं काही द्या, जे वायर न बदलता बदलता येईल, जे धूळ आणि उष्णता सहन करेल. आणि आजच्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची अट ही, की ते कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला आणि तंत्रज्ञाला सहज चालवता आलं पाहिजे.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या फर्ममध्ये याच कल्पनेवर काम करत होते. त्यांचं यंत्र म्हणजे मॉडिकॉन ०८४. फर्मचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून हे नाव. १९६९ मध्ये ते जनरल मोटर्सकडे पोचलं. आत धूळ जाऊ नये म्हणून त्याला पंखासुद्धा दिलेला नव्हता.

आता नीट लक्ष द्या. त्या काळी संगणकाच्या भाषा होत्या, फोरट्रान होती. पण या यंत्राचा प्रोग्राम मांडला गेला तो लॅडर डायग्राममध्ये. इलेक्ट्रिशियनला जो कागद आधीपासून वाचता येत होता, त्याच्याच चित्रात. म्हणजे माणसाने यंत्राची भाषा शिकण्याऐवजी यंत्रालाच वायरमनची भाषा शिकवली गेली!

पुढे बऱ्याच कंपन्या आल्या, प्रत्येकीची पद्धत थोडी वेगळी. म्हणून १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात पाच भाषा मान्य झाल्या. आज मोठ्या कामांत लिहून केलेला प्रोग्राम, म्हणजे स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, वाढतोय. तरीही रात्री दोन वाजता बंद पडलेली लाइन सुरू करायची असते, तेव्हा मेंटेनन्सचा माणूस बहुतेक ठिकाणी लॅडरच उघडून बसतो.

बेंगळुरूने ही विद्या शिकवली कशी? इथल्या जुन्या प्रशिक्षण संस्था पाहा. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने सुरू झालेली जीटीटीसी, केरळमधल्या नेत्तूर गावात स्विस मदतीने सुरू होऊन पुढे पीनियात पोचलेली एनटीटीएफ. यांचा पाया हातकामाचा. बिडदीला टोयोटा किर्लोस्करने २००७ मध्ये ग्रामीण भागातल्या दहावी झालेल्या मुलांसाठी तीन वर्षांची निवासी संस्था काढली. तिथेही हात आधी तयार होतो, मग डोकं यंत्रात शिरतं.

तर सुरुवात कुठून करायची? इतिहास ज्या क्रमाने घडला, त्याच क्रमाने.

पहिली पायरी, तो विहिरीवरचा स्टार्टर. एक कॉन्टॅक्टर, एक हिरवं बटन, एक लाल बटन आणि एक दिवा घ्या. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, शक्यतो २४ व्होल्टवर, होल्डिंगचं सर्किट स्वतः जोडा. कागदावर त्याची शिडी काढा. दुसरी पायरी, तीच शिडी संगणकावर. कोडेसिससारखं सॉफ्टवेअर मोफत उतरवून घेता येतं, त्यात सिम्युलेशन आहे. महागडा पीएलसी विकत घ्यायची गरज सुरुवातीला नाही. मग टायमर, काउंटर, आणि शेवटी खरा पीएलसी.

पण सावध राहा. पीएलसी रिलेसारखा दिसतो, रिलेसारखा वागत मात्र नाही. तो आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्राम वरून खाली चालवतो, मग आउटपुट देतो, आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून. याला स्कॅन म्हणतात. म्हणून एकच मोटर प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी लिहिली, तर सहसा खालच्या ओळीचंच चालतं. नवशिका तासन्‌तास वरची ओळ तपासत बसतो.

दुसरा सापळा त्याहून गंभीर आहे. लाल बटनातून एरवी वीज चालू असते, दाबल्यावर ती तुटते. म्हणजे बटन न दाबता पीएलसीला "१" मिळतो. नवशिका कागदावरचं बंद कॉन्टॅक्टचं चिन्ह जसंच्या तसं प्रोग्राममध्ये ठेवतो. तिथे त्या चिन्हाचा अर्थ "इनपुट शून्य असेल तर पुढे जा" असा होतो. मोटर सुरूच होत नाही. मग तो काय करतो? प्रोग्राम सुधारण्याऐवजी बटनाची वायर बदलतो, दाबल्यावर वीज जाईल अशी. मोटर चालते, बंदही होते, सगळे खूश.

आणि एक दिवस उंदीर ती वायर कुरतडतो. मशीनमध्ये कुणाचा तरी हात अडकलाय, बाजूचा माणूस लाल बटन दाबतोय, आणि मशीन थांबत नाही. जुन्या पद्धतीत वायर तुटली असती तर मशीन आपोआप थांबलं असतं. लाल बटनाची वायर तशी का जोडायची, हे शहाणपण रिलेच्या काळातल्या वायरमनकडून आलंय. म्हणून आणीबाणीचं बटन नुसत्या प्रोग्रामच्या भरवशावर कधीच सोडायचं नसतं. त्याचं सर्किट वेगळं, थेट वीज तोडणारं असावं लागतं.

आयटीआय झालेली मुलं म्हणतात, "आम्हाला इंग्रजी जमत नाही, कॉम्प्युटर येत नाही, हे इंजिनिअरचं काम." त्यांना मी हा इतिहास सांगतो. १९६८ च्या त्या मागणीपत्रात ज्याला हे जमलं पाहिजे असं लिहिलं होतं, तो तुमच्यासारखाच होता. आणि इंजिनिअर झालेल्या मुलांना सांगतो, स्क्रीनवरची शिडी शिकलात, चांगलं केलंत. आता एकदा पॅनेल उघडा, आणि कॉन्टॅक्टर "खट्" करून ओढला जातो तो आवाज ऐका.

सुट्टीत गावी गेलात की विहिरीवर जा. स्टार्टरला हात लावू नका, फक्त हिरवं बटन दाबून बोट काढा आणि मोटर का चालू राहिली ते वहीत काढून पाहा. जमलं, तर पीएलसीचा तुमचा पहिला प्रोग्राम लिहून झाला.

पुढच्या भागात भेटू.