पदवी आणि घर

मुलाच्या अंगी असामान्य बुद्धी आहे हे ओळखावे कसे, असे विचारले की आपल्याकडील पालक बहुधा शाळेतील गुणांचा आकडा पुढे करतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांस या मापाने मोजले असते, तर हाती काय लागले असते? १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगावी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात असल्यामुळे आज या गावी तर उद्या त्या. इंग्रजी शिक्षण अर्धवटच राहिले. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, तेथे सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. कीर्तिकर वैद्य खरे, पण वनस्पतिशास्त्रातही निष्णात. कोंभावरून झाड ओळखण्याची सवय त्यांस येथेही उपयोगी पडली असेल, असे आम्हांस गमतीने वाटते.

परंतु पदवी देणाऱ्याचे काम त्या मांडवातच संपते. पुढे या मुलास आपल्या घरी ठेवून घेतले ते अहमदनगरच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. ब्राह्मणाच्या मुलाने ख्रिस्ती घरी राहावे, जेवावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. टिळकांचा देवदत्त त्याच्याच बरोबरीचा. लक्ष्मीबाईंच्या हाताखाली हा आणखी एक मुलगा वाढू लागला. त्याचे रुसवेफुगवे, त्याचा अव्यवहारीपणा, सारे त्या माउलीने सोसले. ज्यास इतर घरांत वेडेपणा म्हणून धाक दाखविला असता, ते येथे खपवून घेतले गेले. ओळखणे ते हेच, असे आमचे मत आहे.

मापनशास्त्रज्ञांचेही चुकते. अमेरिकेत १९२१ साली टर्मन यांनी बुद्धिमान मुले निवडण्यास आरंभ केला. त्यांच्या कसोटीस न उतरलेल्या शॉकली व अल्वारेझ या दोघांस पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून ठोंबरे वारले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी टिळकही गेले. ठोंबऱ्यांचे नगरच्या घरातील चित्र आज आपल्यापुढे उभे आहे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. आणि या बाईंस लिहावयास-वाचावयास शिकविले होते ते लग्नानंतर, टिळकांनीच.