वेड्या बाभळीची कुळकथा

मालेगावहून मनमाडकडे, सटाण्याकडे किंवा धुळ्याकडे, कुठल्याही रस्त्यानं निघा. शेवटची वस्ती मागे पडली की दोन्ही अंगांना एकच झाड लागतं. बारीक पानांचं, जमिनीपासूनच फुटलेलं, फांद्या वाकड्यातिकड्या आणि काटे चपलेच्या तळातून आरपार जाणारे. मोसमच्या काठी तेच, गिरणेच्या पात्रात तेच, पडीक रानात आणि बुजलेल्या विहिरीच्या तोंडाशीही तेच. ही वेडी बाभूळ. आज पंचविशीत असलेल्या माणसाला ती मालेगावच्या किल्ल्याइतकी जुनी वाटते. पण नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास तो किल्ला बांधायला घेतला, तेव्हा या झाडाचं एक रोपही हिंदुस्थानात नव्हतं.

तिचा मुलूख म्हणजे मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं जमैकातल्या झाडांवरून १७८८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि तिला लाजाळूच्या प्रजातीत, मिमोसात, बसवलं. १८२५ मध्ये द कँडोल यांनी तिला प्रोसोपिस या प्रजातीत आणलं. प्रोसोपिस जुलिफ्लोरा हे नाव मग जवळजवळ दोनशे वर्षं चाललं. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्रजातीची वाटणी केली. त्या वाटणीत आपली शमी, म्हणजे सौंदड, प्रोसोपिसमध्येच राहिली आणि वेडी बाभूळ नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत गेली. म्हणजे दसऱ्याला जिची पूजा होते ती आणि रस्त्याकडेला जिला शिव्या बसतात ती, या दोघी एकेकाळी कागदावर सख्ख्या होत्या, आता चुलत झाल्या आहेत.

जमैकाच्या पूर्व भागात ब्लू माउंटन्सची रांग आहे. ईशान्येकडून येणारे समुद्री वारे तिच्यावर आपटून पाऊस ओततात आणि पलीकडचा दक्षिण किनारा कोरडा राहतो. सह्याद्री आणि मालेगावचं नातं याच जातीचं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. मालेगावच्या वाट्याला कसाबसा पाचशेच्या आसपास येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांच्या घरात जातो. चार महिने ढगांकडे डोळे, आठ महिने उन्हाचा राबता. अशा हवेत तग धरायला पान बारीक हवं, मूळ खोल हवं आणि गुरांच्या तोंडापासून वाचायला काटा हवा. वेड्या बाभळीकडे हे सगळं आधीपासूनच तयार होतं. तिच्या अमेरिकी भाऊबंदांपैकी एकाचं मूळ ॲरिझोनातल्या एका खाणीत पन्नास मीटरहून खोल सापडलं होतं, असा दाखला आहे.

ही जुळणी पहिल्यांदा हेरली ती मद्रास इलाख्याचे वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम यांनी. १८७६ मध्ये त्यांनी सरकारकडे या झाडाच्या बियांची मागणी केली. १८७७ मध्ये जमैकाहून आलेलं बी कडप्प्याच्या कोरड्या रानात रुजवलं गेलं. त्याच सुमारास ते सिंधमध्येही पोचलं. दख्खनवर तेव्हा १८७६-७८ चा भीषण दुष्काळ होता. एकीकडे रेल्वेच्या इंजिनांना लाकूड लागत होतं, दुसरीकडे उघडेबोडके माळ सरकारच्या डोळ्यांत खुपत होते. कमी पाण्यावर झपाट्यानं वाढेल, तोडलं तरी पुन्हा फुटेल असं झाड हवं होतं. बेडोम हे काही हौशी गृहस्थ नव्हते. दक्षिण भारतातल्या वनस्पतींवर त्यांचे ग्रंथ आहेत. त्यांनी हवामान पाहिलं, झाड पाहिलं आणि दोन्हींची गाठ बरोबर बांधली.

ज्या गोष्टीची त्यांनी गाठ घातली, तिला तोवर नाव मिळालेलं नव्हतं. हवामान सारखं असलं की दूरदूरच्या देशांतही झाडोरा एकाच घडणीचा होतो, हे आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये चिंबोराझो पर्वत चढताना पाहिलं आणि १८०७ मध्ये चित्रासह मांडलं होतं. १९१६ मध्ये फ्रेडरिक क्लेमेन्ट्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं ‘बायोम’ हा शब्द वापरला. सुरुवातीला त्याचा रोख वनस्पती आणि प्राण्यांच्या समुदायावर होता. पुढे तो शब्द वाळवंट, टुंड्रा, वर्षावन, सॅव्हाना अशा जगभर पसरलेल्या मोठ्या पट्ट्यांसाठी रूढ झाला. मराठीत त्याला जीवसंहती म्हणतात. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९७० च्या दशकात एक आलेख प्रचलित केला: एका अक्षावर वार्षिक पाऊस, दुसऱ्यावर सरासरी तापमान. दोन आकडे टाका, तुमचं गाव कुठल्या जीवसंहतीत पडतं ते कळेल. मालेगावचे आकडे टाकले तर बोट वाळवंट आणि सॅव्हाना यांच्या सीमेजवळ येऊन थांबतं.

पण दोन आकड्यांत गाव मावत नाही. क्लेमेन्ट्स आणि त्यांचे अनुयायी वनस्पतींच्या समुदायाला एक मोठा जिवंत देहच मानत. इंग्लंडमधल्या आर्थर टान्सली यांना ते मान्य नव्हतं. १९३५ मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी सांगितलं की झाडं, प्राणी, माती, पाणी, हवा हे सगळं मिळून चालणारा एक व्यवहार असतो आणि अभ्यासाचं एकक तो व्यवहार हेच असावं. त्यासाठी त्यांनी वापरलेला ‘इकोसिस्टिम’ हा शब्द त्यांना आर्थर रॉय क्लॅपहॅम या तरुण सहकाऱ्यानं सुचवला होता. आपण त्याला परिसंस्था म्हणतो. ती एका डबक्याएवढी असू शकते किंवा अख्ख्या खोऱ्याएवढी. कोण कुणाला खातं, मेलेलं कोण कुजवतं, बी कोण कुठे नेतं, पाणी कुठून येऊन कुठे मुरतं, ही तिची जमाखर्चाची वही.

मालेगावच्या माणसाला जीवसंहती आणि परिसंस्था यांतला हा फरक कापडाच्या मागावर उभं राहून सांगता येईल. पाऊस आणि ऊन हा ताणा. तो शेकडो मैल एकसारखा लागलेला असतो. त्यातून आडवा जाणारा बाणा मात्र दर ठिकाणी वेगळा: इथली माती, इथला ओढा, इथले किडे, इथली मेंढरं. कापड दोन्हींचं मिळून होतं. बेडोम यांनी ताणा तपासला होता आणि तो अगदी बरोबर होता. बाणा तपासण्याची भाषाच अजून जन्मायची होती.

बाण्यात काय चुकलं हे पाहायला तिची एक शेंग हातात घ्यावी. पिकल्यावर ती गवताच्या काडीसारखी पिवळी होते, वीतभर लांब, किंचित वाकडी. दातानं दाबली तर गोड लागते. आत गर आहे, गरात चिवट कवचाच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक टणक बी. उन्हाळ्यात माळावर हिरवं पान उरत नाही तेव्हा बकरी काय, गाय काय, ही शेंग सोडत नाही. गर पोटात पचतो, पेटी झिजते, बरीचशी बी शाबूत राहून लेंडीबरोबर बाहेर पडते. म्हणजे पेरणी झाली, शेणखतही मिळालं. पहिल्या पावसानंतर बांधावरच्या वाळल्या शेणाचा पोवटा उलटून पाहिला तर त्यातून दोन-दोन जाड दलांची रोपं मान वर काढताना दिसतात. तिच्या मूळ मुलखात शेंग झाडावर असतानाच बी पोखरणारे भुंगेरे असतात. इकडे बी आलं, पण ते भुंगेरे मागेच राहिले. दक्षिण आफ्रिकेत हिची भाऊबंद झाडं डोईजड झाली, तेव्हा १९८७ मध्ये अमेरिकेतले भुंगेरे मुद्दाम आणून सोडावे लागले.

भावनगरजवळच्या वेळावदरला काळविटांचा अभ्यास करणाऱ्यांना २०१३ च्या सुमारास एक नवल आढळलं. विणीच्या हंगामात काळविटाचे नर आपापली जागा राखतात आणि त्या जागेवर ठरावीक ठिकाणी लेंड्यांचे ढीग करतात. वेड्या बाभळीच्या बिया नेमक्या त्या ढिगांत साठत होत्या. उघड्या गवताळ रानावर जगणारा प्राणी स्वतःच्याच मैदानात काट्यांचं बी पेरत होता. हे कुठल्या पावसा-तापमानाच्या आलेखात दिसायचं?

सरकारांनी तिला डोक्यावरच घेतलं होतं. जोधपूरच्या महाराजांनी १९४० मध्ये तिला राजवृक्षाचा मान दिला. १९६०-६१ मध्ये कच्छचं रण पुढे सरकू नये म्हणून बन्नीच्या गवताळ प्रदेशात सुमारे ३१ हजार हेक्टरांवर तिची लागवड झाली. आज बन्नीचे मालधारी गवतासाठी तिच्याशी झगडतात आणि तिला गांडो बावळ म्हणतात. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. झटपट वाढणाऱ्या झाडांचा तो काळ होता. सुबाभूळ, निलगिरी आणि ही वेडी बाभूळ यांची नावं त्या यादीत असत. पुढचं काम शेळ्यांनी फुकटात केलं.

एका मालेगाव तालुक्यात हिंडलं तरी जीवसंहती आणि परिसंस्था यांतलं अंतर पायांखाली येतं. गाळणा किल्ल्याच्या डोंगरउतारावर पानगळीची झाडं दाट उरली आहेत तिथे तिला फारसं ऊन मिळत नाही; ती पायथ्याशीच घुटमळते. मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यांत फड पद्धतीची जुनी बंधारे-पाटांची शेती आहे. पाचशे मिलिमीटरच्या पावसात तिथे ऊस आणि गहू उभा राहिला, कारण पाणी दुसरीकडून आलं आणि ते वाटून घेणारी माणसं होती. तिथे नांगर तिला उभं राहू देत नाही. नदीच्या पात्रात मात्र चित्र उलटं. वर गिरणेवर चणकापूर आणि मोसमवर हरणबारी धरण झालं, काठ खरवडून काढणारे पूर कमी झाले, पात्र बरेच महिने कोरडं राहू लागलं. तिला पाहिजे होती तशी मोकळी, खाली ओल असलेली, कुणाची नसलेली जागा आयती मिळाली. पाऊस आणि तापमान तिन्ही ठिकाणी एकच आहे.

सगळ्यात मोठा घाटा झाला तो माळाचा. कुसळी, पवन्या, मारवेल ही इथली गवतं उन्हाची भुकेली. वेड्या बाभळीची जाळी दाटली की खाली सावली पडते, मुळं पाणी ओढतात, गवत विरळ होऊन जातं. गवत गेलं की त्यात अंडी घालणारे चंडोल, माळटिटवी, धाविक जातात आणि ठेलारी मेंढपाळांच्या मेंढरांचा चाराही जातो. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे. त्या प्राण्याला धावायला आणि लांबवर पाहायला उघडं रान लागतं. इथल्या जुन्या बाभळी, हिवर, खैर आणि बोरी एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असत आणि मधलं अंगण गवताचं असे. शमीच्या खाली तर बाजरीही चांगली येते, हे राजस्थानचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

महसुली दप्तरात हा माळ पडीक ठरला आणि वनखात्याच्या नकाशावर उजाड जंगल. जंगल तोडून माळ झाला असं गृहीत धरलं की तिथे काहीही लावणं पुण्याचं ठरतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य आणि लोकपरंपरा चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांत दाट जंगलापेक्षा गवताळ, विरळ झाडांच्या सॅव्हानाच्या वनस्पती जास्त निघाल्या. माळ हा कुणी बिघडवलेला अवशेष नसून इथला जुना रहिवासी आहे, याला ती साक्ष पुरेशी बोलकी आहे.

वेड्या बाभळीची बाजूही ऐकली पाहिजे. गरिबाच्या चुलीला तिनं सरपण दिलं, कुंपणाला काटे दिले, दुष्काळात जनावरांच्या पोटाला शेंगा दिल्या. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे तिच्या कोळशावर घरं चालतात. त्याच राज्यात २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ती उपटायचे आदेश दिले. उपटणंही सोपं नाही. वरवर तोडली तर एका खोडाचे दहा फुटवे होतात. बुंध्याखालची गाठ खणून काढावी लागते. काढलेल्या जागी गवताचं बी टाकून काही वर्षं चराई आवरली नाही, तर जमिनीत पडून राहिलेलं बी ती जागा पुन्हा घेतं. म्हणजे तिला घालवायलाही परिसंस्थाच समजून घ्यावी लागते.

तिच्यानंतर लागवडीला गिरिपुष्प आलं, उद्या आणखी काही येईल. जून-जुलैत खड्डे खणले जातात, रोपांच्या गाड्या येतात, फोटो निघतात. ‘इथल्या हवेत हे झाड जगेल का?’ एवढंच विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं. बेडोम यांनाही तेच उत्तर आलं होतं, आणि ते खरं निघालं. म्हणून खड्ड्यात रोप ठेवण्याआधी आणखी चार प्रश्न विचारावेत: याची शेंग कोण खाईल, बी कुठे पडेल, सावलीत काय उगवायचं थांबेल, आणि नको झालं तर काढणार कोण?