तळटीप : ‘पाठीचा फोटो स्वच्छ आला’

येथे फोटो म्हणजे एक्स-रे. तो स्वच्छ दिसल्यावर वडिलांना कामावर परत धाडले, याबद्दल लेखिकेने डॉक्टरांना दोष दिला आहे. तो मला अन्यायाचा वाटतो. मणक्यातले निदान तीसेक टक्के खनिज झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक उमटत नाही, आणि क्षय त्याआधी कित्येक आठवडे, कधी महिने, हाड पोखरत असतो. एमआरआय रुग्णालयांत आला तो १९८० नंतर. त्या डॉक्टरांच्या हाती दुसरे काय होते?

एमआरआयमध्ये मणक्याच्या मज्जेतली सूज लवकर कळते : तिथे पाणी वाढल्याने तो भाग टी-१ चित्रात काळपट, टी-२ मध्ये उजळ दिसतो. शिरेतून गॅडोलिनियम दिले की गळवाची कड उठून येते. ती पातळ, गुळगुळीत असेल, पू पुढच्या अस्थिबंधाखालून आणखी मणक्यांपर्यंत उतरला असेल आणि मधली चकती बरीचशी शाबूत असेल, तर संशय क्षयाचा. स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंच्या संसर्गात चकती बहुधा आधीच नासते. तरी चित्रावरून जंतू नक्की ठरत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच्या आधाराने सुई घालून तुकडा काढतात, आणि रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल तर प्रतिजैविके सुरू करण्याआधीच.

पुढील प्रकरणातले कुबड म्हणजे पुढून ढासळलेले मणके. इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. —संपा.